हौसाक्काच्या तळाला दिलेला एक तारा

मी बोलणारी बाई आहे. कारखान्याच्या गेटवर, एसटी स्टँडवर, आठवडे बाजारात – जिथं लोक थांबतील तिथं मी बोलते, आणि जे बोलून संपत नाही ते छापून वाटते. बारामतीत वनिताच्या हातचं पत्रक न घेतलेला माणूस शोधावा लागेल. पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही. वैशालीला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण वाचून झाल्यावर तुम्ही माझ्याकडं कसं बघता ते मला दिसणार नाही. बघा – सुरुवातच भित्री झाली.

सरळ सांगायचं ठरवून बसले होते. जमत नाही. जरा लांबून येते.

इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी पसरलंय. हिवाळा सरत आला की ते मागं हटायला लागतं आणि खालची जमीन उघडी पडते – काळी, लोण्यासारखी. आमच्याकडं लोक त्या गाळात पेरतात, गाळपेर म्हणतात त्याला. मी पिंपळीची, पण आजोळ वरकुट्याचं, आणि मामा गाळपेर करायचा. लहानपणी एकदा मी त्या गाळात उतरले. वरून वाळून भेगा पडलेल्या, पाय ठेवला तर टणक. जरा पुढं गेले आणि मांडीपर्यंत आत. मामानं ओढून काढलं आणि वर एक थोबाडीत दिली. माझी चप्पल अजून तिथंच कुठंतरी असेल.

म्हणजे मला माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा. गाळ काय असतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता त्या काठाला तंबू लागतात. पुण्यामुंबईची माणसं येतात, रोहित पक्षी बघायला, शेकोटीभोवती बसायला. फोनवर नकाशा उघडला की तंबूवाल्यांची रांगच्या रांग, आणि प्रत्येकाच्या नावाखाली तारे. ते तारे कसे येतात हे मला समजलं तेव्हा मी पेटले. सकाळचा चहा फुकट आणि चहासोबत विनवणी – “ताई, जाता जाता तेवढे पाच तारे द्या की.” मग मालकाचा मेहुणा, मेहुण्याचे दोस्त, आणि तिकडं लांब कुठंतरी बसून, काठावर कधी पाऊलही न ठेवता कुणीतरी लिहिलेलं – ‘स्वर्ग!’ ही लबाडी नाही तर काय? माणसं बायकापोरं घेऊन येतात या ताऱ्यांच्या भरवशावर!

मी पत्रक काढलं. मथळा अजून पाठ आहे: ‘पाच तारे विकत मिळतात – एक तारा विकत मिळत नाही!’ खाली लोकांना रीत शिकवली. कौतुक वाचू नका, तक्रार वाचा. दोन शब्दांची नको, लांबलचक वाचा, बारीकसारीक खुणा दिलेली. आणि बाईनं तिथल्या सुरक्षिततेबद्दल काही वाईट लिहिलं असेल तर ते डोळे झाकून खरं माना. बाई असलं काही उगाच लिहीत नाही.

ते शेवटचं वाक्य माझं लाडकं होतं. सभेत म्हटलं की टाळी यायची.

तर – हौसाक्का.

हौसाक्काचं घराणं मेंढरांचं. सासऱ्याच्या काळापर्यंत त्यांनी मेंढरांमागं मुलूख तुडवला. आता मेंढरं नाहीत, नवराही नाही. वरकुट्याच्या पुढं काठावर ती आणि तिचा तरणा मुलगा सोपान तंबू लावायचे. ती त्याला कॅम्प म्हणायची नाही, तळ म्हणायची. मेंढरं बसवायला जागा बघतात तशीच तिनं तंबूंची जागा बघितलेली – वर, मुरमाड माळावर, पाण्यापासून चांगली लांब. पाण्याकडं जायचं तर ती पुढं आणि पाहुणे मागं, खडकाच्या पट्टीवरून. कुणी गाळाच्या बाजूला वळलं की कोकलायची – “ए, शान्या! तितं कुठं निघालास मरायला?” शहरातल्या माणसांना असं ऐकायची सवय नसते. तिच्या तळाखाली लोकांनी लिहिलं होतं: पाणी फार लांब. फोटो चांगले येत नाहीत. मालकीण अंगावर ओरडते. कुणी तीन तारे, कुणी चार.

ज्यानं गाळ बघितलाय त्यानं याच तक्रारी वाचून तिच्याकडं मुक्काम केला असता. बाकीच्यांचे तंबू होते गाळाच्या तोंडाशी, दार उघडलं की पाणी, आणि त्यांना पाच-पाच तारे. का नसावेत? एक रात्र राहायचं, वारा खायचा, पक्षी बघायचे आणि घरी जायचं. जो रुतला नाही तो गाळाबद्दल कशाला लिहील? आणि गाळ काही स्वतः लिहीत नाही. हे पत्रकात यायला हवं होतं. नाही आलं. मला लबाड पकडायचे होते, जागा नव्हती बघायची.

तंबूवाल्यांसाठी मी एक शपथ छापली होती – ‘आम्ही पाहुण्यांकडं तारे मागणार नाही.’ एका दुपारी सगळे हौसाक्काच्या माळावर जमले. पुण्याहून एक पत्रकार मुलगा मी मुद्दाम बोलावला होता. मी उभी राहून बोलले. बरंच बोलले. मग सहीसाठी कागद हौसाक्कापुढं धरला. तिनं तो घेतला, उलटा केला, दोन बोटांत चोळून बघितला.

“लय पातळ कागुद वापरतीस गं पोरी. मागल्या खेपेला गठ्ठा टाकून गेली व्हतीस न्हवं? चुलीत घातला. जाळ न्हाय, ऊब न्हाय – निस्ता धूर!”

सगळा माळ हसला. पत्रकार हसला. शेजारचा तंबूवाला ओरडला, “या, या, धूरताई!” – आणि ते नाव मला चिकटलं. आमच्या गटातल्या पोरी अजून चेष्टेत म्हणतात.

एवढंच झालं. आणि त्यापुढचंही सांगते, कारण ते मी नेहमी गाळते. हसून झाल्यावर हौसाक्का म्हणाली, “बस बाय, च्या घे. रागवू नगंस. सोपान्या, वाच रं काय लिवलंय ते.” सोपाननं अक्षर अन् अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. मग तिनं सही केली. त्या सबंध माळावर सही करणारी ती एकटीच होती. बाकीचे चहा पिऊन उठून गेले.

त्यानंतर मी इंदापूर स्टँडवर बारामतीच्या एसटीची वाट बघत बसले. उन्हं कलली होती. फोन काढला. ‘पूजा’ म्हणून नवं खातं उघडलं. आणि लिहिलं.

काय लिहिलं ते – थांबा. लिहिते.

लिहिलं की आम्ही दोघी मैत्रिणी या तळावर राहिलो. बाभळीखालचा निळा तंबू मिळाला. अंधार पडल्यावर मालकिणीचा मुलगा आमच्या तंबूभोवती घुटमळत होता. नंतर बाहेरून चेन उघडल्याचा आवाज आला. आम्ही ओरडलो तेव्हा पळाला. मालकिणीला सांगितलं तर ती हसली. मुलींनी इथं राहू नये.

एक तारा.

बाभूळ खरी होती. निळा तंबू खरा होता. तो मी चहा पिताना बघितला होता. बाकी एकही शब्द खरा नव्हता. मी त्या तळावर कधी रात्र काढलेली नाही. सोपाननं माझ्याकडं नजर वर करून बघितलंही नव्हतं, त्याची नजर कागदावर होती, कारण जोडाक्षरं त्याला अडत होती.

रागाच्या भरात लिहिलं असं म्हणू? राग चहासोबत कधीच उतरला होता. मी थंड डोक्यानं लिहिलं. पुन्हा वाचलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती सुधारली. माझ्याच पत्रकातल्या रीतीनं लिहिलं – लांबलचक, खुणा देऊन, बाईच्या नावानं. लोक कशावर विश्वास ठेवतात हे मला ठाऊक होतं. मीच तर त्यांना शिकवलं होतं. मग एसटी लागली. खिडकीची जागा मिळाली म्हणून मला आनंद झाला. तोही आठवतो.

काढून टाकता आला नसता का? एक बोट लागतं. पण त्याखाली लोक ‘उपयुक्त’चा अंगठा उमटवत होते. मी रोज बघायचे. अनोळखी बायका लिहायच्या – थँक यू पूजा, वाचवलंस. धूरताईचं कुणीतरी ऐकत होतं ना शेवटी! इतकं खालचं सुख असतं माणसाला. असतं म्हणजे – मला होतं. तुम्हाला कशाला मध्ये ओढू?

हौसाक्काचा तळ ओस पडत चालला. बायका येईनात, आणि बायका नाहीत म्हटल्यावर कुटुंबं येईनात. उरले दारूच्या बाटल्या घेऊन येणारे. त्यांना ती स्वतःच हाकलायची. हे मला मामाच्या घरी गेले की कानावर यायचं. मी विषय बदलायचे.

आता वैशाली. ती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सुटीच्या वेळी मोटारसायकलींच्या धुराळ्यात मी गेटवर पत्रकं वाटायचे, सगळे चुरगाळून फेकायचे. ही एकटी कडेला उभी राहून शेवटपर्यंत वाचायची. तशी मैत्री झाली. मग तिच्या घरी जाणंयेणं. तिची आई, मी मावशी म्हणते, माझ्या पत्रकांच्या घड्या घालून द्यायची. पोथीच्या पानासारखी कड जुळवून, नखानं दाबून. “वने, लोक फेकतात म्हणतीस, पर घडी नीट असली की फेकताना जरा हात आडतो बघ,” असं म्हणायची.

मावशीला रोहित बघायचे होते. कुणीतरी फोनवर फोटो दाखवला होता, तेव्हापासून मागं लागली होती. यंदा, पाणी हटून काठ उघडा पडल्यावर, वैशालीनं ठरवलं – आई आणि तिची छोटी चिऊ, तिघींनी एक रात्र जायचं. आणि ती माझ्याकडं आली. फोन माझ्यापुढं धरला.

“वने, दोन काढलेत बघ. एक पाण्याला लागूनच हाय, तारेच तारे, एकपण तक्रार न्हाय. दुसरा त्या माळावरच्या बाईचा, पर तितं एका पोरीनं असलं काय काय लिवलंय, वाच. तुझं आजोळ तिकडंच की. कुठं जाऊ सांग?”

माझीच वाक्यं होती. माझी सुधारलेली वेलांटी.

मी काय काय बोलू शकत होते? काहीच कबूल न करता एवढं तरी – पाण्याला लागून जाऊ नका, तिथं गाळ आहे. पण मग ती म्हणाली असती, म्हणजे माळावर जाऊ? मी म्हटलं असतं, जा. आणि हे जे लिवलंय ते? – खोटं आहे. – तुला कसं माहीत?

तुला कसं माहीत. एवढ्या तीन शब्दांना मी भ्याले. मी – जी फौजदाराला भर चौकात जाब विचारते!

मी म्हटलं, “पत्रकात रीत दिलीय ना? त्याप्रमाणं बघ.”

तिनं तसंच बघितलं. माझ्यासमोर माझ्या खोट्यावर ‘उपयुक्त’चा अंगठा दाबला आणि पाण्याकाठचा तंबू ठरवला.

सकाळी लवकर उठायची मावशीची सवय. तंबूवाल्यांची पोरं झोपलेली, वैशाली आणि चिऊ झोपलेल्या. पक्षी समोर उतरलेले. मावशी चालत निघाली. वरून वाळलेलं, टणक. आणि मग कंबरेपर्यंत आत.

तिचं ओरडणं सगळ्यात आधी ऐकलं सोपाननं. तो खडकाच्या पट्टीवर होता, अगदी जवळ. त्यानं बघितलं – आणि तो उलटा पळाला, वर माळाकडं, आईला हाक मारत. तेवढ्यात तंबूवाल्यांची पोरं जागी झाली. त्यांनी मावशीच्या काखेत दोर घातला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. गाळ पाय सोडत नाही. त्याचा विळखा आधी हातानं मोकळा करावा लागतो. पोरं बाहेरची, कामाला ठेवलेली. त्यांना काय ठाऊक? त्यांनी जोर केला. मावशीच्या खुब्यात मोडल्याचा आवाज वैशालीनं काठावरून ऐकला.

मग हौसाक्का आली, डोक्यावर बाज घेऊन, शिव्या देत. बाज तिनं गाळावर उलटी टाकली, तिच्यावर पालथी पडून सरकत गेली, मावशीच्या मांड्यांभोवतीचा गाळ हातानं उपसला आणि तिला बाजेवर घेतलं. सोपान काठावर उभा होता. लांब.

यातलं बहुतेक मला वैशालीनं दवाखान्यात सांगितलं. सांगताना तिनं माझा हात धरला होता. म्हणाली, “त्या बाईचे उपकार हायेत गं. पर आईला गाडीत घालताना ती चिऊला म्हनली, चल बाळ, माझ्या तंबूत, दूध देते. मी न्हाय पाठवलं. ती पोरगी गाळाकडं बघून रडत व्हती, तरी न्हाय. त्यो मुलगा तितंच हुबा व्हता. आई मरायला टेकली तरी माझं ध्यान व्हतं बघ, वने. तू शिकवलंस म्हनून.”

तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. “मावशीचा एक्स-रे झाला का?” – एवढंच बाहेर आलं.

मावशी आता झोपूनच असते. ऑपरेशन झालं, पाय चालला नाही. मी गेले की म्हणते, “आण की तुझी पत्रकं. हात तर चांगलं हायेत माझं.” आणि छातीवर पाटी ठेवून घड्या घालते. कड जुळवून. नखानं दाबून.

नंतर मी वरकुट्याला गेले. का गेले? सांगायला, असं मी वाटेत स्वतःला सांगत होते. हौसाक्का तंबू गुंडाळत होती. कायमचे. मला बघून तिनं काम सोडलं आणि पुन्हा चहा ठेवला. मी सोपानचं विचारलं. तो लांब खुंट्या उपटत होता, इकडं वळला नाही.

“त्यो पयला पोचला व्हता गं,” हौसाक्का म्हणाली. “गाळात हात कसा घालायचा ठावं हाय त्याला. ल्हानपनापास्नं जनावरं काढल्यात त्यानं. पर माझ्याकडं पळत आला. म्हटलं मुडद्या, तूच का न्हाय काढलीस म्हातारीला? तर म्हनतो, आये, बाईमानूस हाय. हात लावला तर उद्या अजून कायतरी लिवतील.”

चुलीकडं बघत बोलत होती. चुलीत त्या दिवशी माझा कागद नव्हता, बाभळीची लाकडं होती.

“तू शिकल्याली हाईस पोरी. तेवढं त्या पोरीला हुडकून दे मला. भांडायचं न्हाय गं. निस्तं इचारायचंय – बाय, तू कवा आली व्हतीस? आल्याल्या समद्या पोरी मी आठवून बघितल्या. त्या निळ्या तंबूत कोन कोन झोपलं, समदं. ही तेवढी आठवंना. आन् सोपान्याकडं बघितलं की वाटतंय, मी झोपल्यावर खरंच उठला आसंल का ह्यो? आईला असं वाटावं व्हय?”

मी म्हटलं, “शोधते, अक्का.”

शोधते म्हटलं मी. चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि निघाले.

सोपान आता बारामतीला, एमआयडीसीत कामाला येतो. मला गेटवर दिसतो. बायकांचा घोळका सुटला की तो मोटारसायकल बाजूला घेतो आणि सगळ्या पांगेपर्यंत मान खाली घालून थांबतो. माझं पत्रक मात्र घेतो, आणि वाचतो. आता जोडाक्षरं अडत नाहीत त्याला.

ते लिहिलेलं काल मी काढून टाकलं. एक बोटच लागलं. नकाशावर त्या तळाच्या नावापुढं आता लाल अक्षरांत ‘कायमचे बंद’ असं येतं. काढून कुणाचं काय बदललं? काही नाही.

मी अजून गेटवर उभी राहते. अजून ओरडते – जागे व्हा, फसू नका. लोक अजून माझी रीत वापरतात. परवा एक मुलगी येऊन म्हणाली, ताई, तुमच्या पत्रकामुळं आम्ही वाचलो. मी तिला हसून दाखवलं.

आता हे छापायला टाकते. घड्या मी स्वतः घालणार आहे. मावशीच्या हाती घडीसाठी गठ्ठे द्यायचे नाहीत, तिला आधी हे वाचून दाखवायचं. मग वैशालीला, मग गेटवर सोपानच्या हातात. आणि एक वरकुट्याला. अक्काला वाचता येत नाही. मी समोर उभी राहून वाचणार. ती काय करेल, कोण काय करेल – तो त्यांचा हक्क.

अक्का, तुम्ही विचारलं होतं, ती पोरगी कधी आली होती. नका आठवू आता. ती आलीच नव्हती. मी होते ती, इंदापूर स्टँडवर बसलेली. सोपान झोपेतून उठला नव्हता.